खराटा कोणाच्या हातात? गाडगेबाबांचे आयुष्य आणि आपल्या नदीकाठची मुले

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या बहुजन समाजाने आपली दोन मोठी माणसे गमावली. एकाने हाती लेखणी आणि कायदा घेतला, दुसऱ्याने खराटा. दोघांचा मार्ग वेगळा होता, पण दोघेही एकाच माणसासाठी झगडत होते. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, तो हा माणूस.

गाडगेबाबांचे नाव आज शासनाच्या स्वच्छता अभियानाला आहे, अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यांचे चित्र असते. पण चित्राखालून सकाळी लहान मुले नदीकडे निघतात, घरात संडास असूनही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू, पूर्णा आणि पैनगंगेच्या काठच्या गावांत ज्याने सकाळ पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. गाडगेबाबांचे आयुष्य पुन्हा एकदा नीट पाहायचे ते यासाठी.

पूर्णेच्या खोऱ्यातला डेबू

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचे नाव सखुबाई. परिटाचे काम म्हणजे गावाचे मळके कपडे नदीवर नेऊन धुणे. दुसऱ्याची घाण स्वच्छ करायची आणि वर त्या कामामुळेच हलके ठरायचे, हा जातिव्यवस्थेचा नियम डेबूने जन्मापासून पाहिला.

वडील दारूच्या नादी लागले. देवाला बोकड कापायचा, त्यासोबत दारू प्यायची, ही तेव्हाची रीत. त्यातच घर बुडाले आणि डेबू लहान असतानाच वडील वारले. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आल्या. पूर्णा नदीच्या खोऱ्यातले हे गाव. इथे डेबू मामाची गुरे राखू लागला. गुरे नदीवर न्यायची, धुवायची, शेण काढायचे, गोठा झाडायचा. शाळेचे तोंड त्याला पाहायला मिळाले नाही. पुढे हजारो लोकांसमोर बोलताना आपल्याला अक्षर येत नाही हे ते उघडपणे सांगत आणि मुलांना शाळेत घाला म्हणून हात जोडत.

मामाचे शेत सावकाराच्या घशात गेले. अंगठा कशावर उठवला हे न कळल्यामुळे जमीन जाते, हे डेबूने घरातच पाहिले. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला त्यांनी रीत मोडली. जातीच्या पंगतीत मटण आणि दारू न ठेवता गोडाचे जेवण वाढले. नातेवाईक रागावले, पण डेबूजी मागे हटले नाहीत. दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःच्या घरात करायचे, ही त्यांची पद्धत इथूनच सुरू झाली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी आणि एक फुटके मडके, म्हणजे गाडगे. खाणे-पिणे त्यातच. त्या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पुढची काही वर्षे ते गावोगाव भटकले. कोणी वेडा समजून हाकलले, कोणी चोर समजून मारले, पोरे मागे लागली. मिळेल तिथे काम करायचे, मिळाली तर भाकरी खायची, नाहीतर पुढे चालायचे.

ऋणमोचनचा काठ

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे मोठी जत्रा भरते. लोक नदीत आंघोळ करायचे, पण काठावर पायऱ्या नव्हत्या. काळ्या मातीच्या चिखलात म्हाताऱ्या माणसांचे, लेकुरवाळ्या बायांचे पाय घसरायचे. गाडगेबाबा तिथे जाऊन काठ साफ करत, चिखलात वाट करत. १९०८ साली लोकांकडून मदत गोळा करून त्यांनी तिथे नदीवर घाट बांधला.

हे त्यांचे पहिले मोठे बांधकाम, आणि ते नदीकाठी झाले. नदीला पवित्र म्हणणारे लोकच तिच्या काठी घाण करत होते. सकाळी त्याच काठावर परसाकडे बसायचे, त्याच पाण्यात धुवायचे आणि तेच पाणी घागरीत भरून न्यायचे. जत्रा संपली की कॉलरा, हगवण सुरू. लोक त्याला देवीचा कोप म्हणायचे, नवस बोलायचे, बोकड कापायचे. गाडगेबाबांना रोगाचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण घाण आणि रोग यांचा संबंध त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. नवसाने रोग जात नाही, घाण गेली की जातो, हे ते आयुष्यभर सांगत राहिले.

आधी खराटा, मग कीर्तन

गाडगेबाबांची कामाची पद्धत ठरलेली होती. गावात आले की आधी हातात खराटा. रस्ते झाडायचे, नाल्या मोकळ्या करायच्या, उकिरडे उपसायचे, गोदरीची जागा साफ करायची. सुरुवातीला लोक बघत उभे राहत. मग एखादा तरुण पुढे येई, मग दुसरा. लहान मुले तर कुतूहलाने आधीच भोवती जमलेली असत. संध्याकाळपर्यंत अर्धे गाव कामाला लागलेले असे. मग रात्री कीर्तन.

कीर्तन वऱ्हाडी बोलीत, प्रश्नोत्तराच्या ढंगाने. ते प्रश्न विचारत, लोक उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच लोकांची चूक लोकांना दाखवत. देव दगडात नाही. बकरे कापू नका. कर्ज काढून लग्न करू नका. दारू पिऊ नका. शिवाशिव पाळू नका. जेवायचे ताट विकावे लागले तरी चालेल, पण मुलांना शिकवा. हेच विषय वर्षानुवर्षे. कीर्तनात ते लोकांना रागावत, टोचत, हसवत. लोक ऐकून घेत, कारण दिवसभर त्यांची घाण ज्याने उपसली तोच माणूस समोर उभा असे.

कीर्तन संपले की कोणी पाया पडू नये म्हणून ते तिथून निघून जात. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. मठ नाही, गादी नाही. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद वारला. ती बातमी कीर्तन चालू असताना आली आणि तरीही त्यांनी कीर्तन पुरे केले, असे सांगितले जाते.

चंद्रभागेचे वाळवंट आणि चोखामेळा धर्मशाळा

पंढरपूरच्या वारीला लाखो लोक जमत. राहायला जागा नाही, संडास नाहीत, सगळे नदीच्या वाळवंटात. ब्रिटिश काळात पंढरपूरच्या यात्रेत कॉलऱ्याच्या साथी वारंवार यायच्या आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोहोचायच्या. गाडगेबाबा पंढरपूरला जात, पण मंदिराच्या रांगेत उभे राहत नसत. ते चंद्रभागेचे वाळवंट झाडत. त्यांचा विठोबा माणसांत होता.

वाळवंटातही जात होती. अस्पृश्य वारकऱ्याला मंदिराचे दार बंद होते आणि धर्मशाळेचेही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली मंदिर खुले झाले. गाडगेबाबांनी त्याच्या कितीतरी आधी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली.

इथे हिंगोलीकरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कयाधूकाठच्या नर्सीचे संत नामदेव हे चोखोबांचे समकालीन. मंगळवेढ्याला गावकुस कोसळून चोखोबा दगावले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वारासमोर समाधी बांधली ती नामदेवांनी, अशी परंपरा आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यात नंदनार आणि रविदास यांच्यासोबत चोखामेळा आहेत.

पुढे नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. पैसा लोकांचा, हिशेब लोकांसमोर. या संस्थांवर आपल्या कुटुंबातील कोणाचा हक्क राहणार नाही, याची त्यांनी काळजी घेतली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी हे सारे काम पाहण्यासाठी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा

वयाने गाडगेबाबा बाबासाहेबांपेक्षा १५ वर्षांनी मोठे. एक जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकलेला, दुसरा निरक्षर. पण बाबासाहेबांना बुवाबाजीची चीड होती आणि गाडगेबाबांनाही. शिक्षणाशिवाय गती नाही, यावर दोघांचे एकमत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यालाही गाडगेबाबांनी बळ दिले. रयत शिक्षण संस्थेच्या कराडच्या महाविद्यालयाला, १९५४ साली, त्यांचेच नाव दिले गेले.

१९४९ साली गाडगेबाबा आजारी पडून मुंबईत रुग्णालयात होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री. त्यांना हे कळताच ते सोबत दोन घोंगड्या घेऊन भेटायला गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या गाडगेबाबांनी त्या ठेवून घेतल्या, असे सांगितले जाते. त्याच वर्षी गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या इमारतीत यात्रेकरू झोपत होते, तिथे विद्यार्थ्यांची सोय व्हावी, हा हेतू. यात्रेपेक्षा शिक्षण मोठे, हे गाडगेबाबांनी मिळकत देऊन सिद्ध केले.

खराटा आणि जात

इथे आपल्या तरुणांच्या मनात एक प्रश्न येतो आणि तो योग्य आहे. बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली जनावरे ओढणे, मृतमांस खाणे, गावकीची हलकी कामे सोडायला सांगितले. १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून हा संदेश गावोगाव गेला. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती कामे सोडली, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. मग खराटा हातात घेणाऱ्या माणसाचा आदर्श आपण का ठेवावा?

कारण गाडगेबाबांनी जातीचा खराटा उचललेला नव्हता. गावकीचा झाडू जन्माने गळ्यात बांधलेला असतो. तो एका जातीने चालवायचा आणि बाकीच्यांनी घाण करायची. गाडगेबाबांनी ही वाटणीच मोडली. ते पाटलाच्या दारासमोरचा रस्ता झाडत, तेव्हा पाटलाच्या मुलाने सोबत खराटा घ्यावा लागे. घाण ज्याची, साफ करण्याची जबाबदारी त्याची, हे त्यांनी गावाला शिकवले. बाबासाहेबांनी एका समाजाच्या माथ्यावरचे ओझे उतरवले आणि गाडगेबाबांनी तेच ओझे सगळ्या गावात वाटून दिले. दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत.

भगवान बुद्धांच्या संघातही हेच दिसते. अतिसाराने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयातील कथा आपण ऐकलेली आहे. भिक्खूंनी हिरवळीवर आणि पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, हा नियमही सेखिय नियमांत आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी नदीकाठी वावरणाऱ्या संघासाठी केलेला हा नियम आजच्या नदीकाठच्या गावालाही लागू पडतो.

अखेरचा प्रवास

शेवटच्या वर्षांत प्रकृती ढासळली, पण फिरणे थांबले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात. पूर्णेच्या खोऱ्यात सुरू झालेले आयुष्य एका नदीजवळच संपले.

हिंगोलीच्या नदीकाठी

गाडगेबाबांची पूर्णा तापीला मिळते. आपल्या जिल्ह्यातली पूर्णा वेगळी, ती सिद्धेश्वर धरणातून पुढे जाऊन गोदावरीला मिळते. नाव एक आणि दुखणेही एकच.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी, २०००-०१ मध्ये, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. म्हणजे आपला जिल्हा आणि हे अभियान बरोबरीनेच वाढले. नंतर निर्मल ग्राम आले, २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत आले, घरटी १२ हजार रुपयांचे अनुदान आले, गुड मॉर्निंग पथके आली. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. खोल्या बांधल्या गेल्या, हे खरे. त्या वापरायची सवय मात्र लहान मुलांपर्यंत पोहोचली का, हे कोणी विचारले नाही.

मूल संडासात का जात नाही, याची कारणे साधी आहेत. भांडे मोठ्या माणसाच्या मापाचे, त्यावर चार वर्षांच्या मुलाचे पाय पुरत नाहीत, पडायची भीती वाटते. आत अंधार, दिवा नाही. पाणी लांबून आणायचे, मग एक बादली मुलासाठी कशाला, असे वाटते. खड्डा लवकर भरेल म्हणून मुलांना बाहेर पाठवले जाते. नदीकाठी तर पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, काळ्या मातीत पाणी जिरत नाही, खड्डा तुंबतो आणि सगळे घर पुन्हा टमरेल घेऊन बाहेर पडते. मोठ्यांनी संडासात लाकडे आणि गोवऱ्या ठेवल्या असतील, तर मुलाने काय शिकावे?

सर्वात मोठा गैरसमज म्हणजे लहान मुलाची शी निरुपद्रवी असते. तसे नाही. हगवण, कावीळ, जंत, पोलिओ यांचे जंतू त्यातूनच बाहेर पडतात. काठावरून पाण्यात, माशीच्या पायांवरून भाकरीवर, न धुतलेल्या हातांवरून तोंडात. पोटात जंत झाले की खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होते, मूल वर्गात डुलक्या घेते. ज्या मुलांनी शिकावे म्हणून गाडगेबाबांनी आयुष्य झिजवले, ती मुले पोटदुखीने शाळा बुडवतात.

आणि नदीला वरचा काठ असतो, तसा खालचाही असतो. जुन्या गावरचनेत आपला पाणवठा बहुधा खालच्या बाजूला ठेवला गेला. वर केलेली घाण खालच्या वस्तीच्या घागरीत येते. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवला. ते पाणी पिण्याजोगे राहावे, ही त्याच हक्काची पुढची पायरी आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

जयंतीला गाडगेबाबांच्या फोटोला हार घालून एका सकाळी झाडू मारणे पुरेसे नाही. आपल्या वस्तीत सहज होण्याजोगी कामे आहेत.

सुरुवात आपल्या घरापासून. संडासातली लाकडे बाहेर काढा, आत दिवा लावा, दाराची कडी मुलाच्या हाताला येईल अशी खाली बसवा. लहान मुलाला भांड्याच्या कडेला दोन विटा किंवा लहान पाट ठेवून बसायला शिकवा. सुरुवातीचे काही दिवस आईने किंवा बापाने दारात उभे राहावे. त्याहून लहान बाळाची शी उकिरड्यावर न टाकता संडासात टाका आणि नंतर साबणाने हात धुवा, स्वतःचे आणि बाळाचेही.

खड्ड्याची भीती घालवा. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक भरला की दुसरा चालू करायचा. बंद केलेल्या खड्ड्यात मैल्याचे खत होते. नदीकाठी जागा उंच करून बांधकाम करावे लागते, खड्डा विहीर आणि हातपंपापासून दूर ठेवावा लागतो. ग्रामसभेत हे मागा. सार्वजनिक पाणी वस्तीपर्यंत येत नसेल तर संडासाच्या आधी नळ मागा, कारण पाण्याशिवाय संडास चालत नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत जाऊन पाहा. संडासाला कुलूप आहे का? आत पाणी आहे का? मुलींसाठी वेगळी सोय आहे का? आणि ते साफ कोण करते? ते काम ठरावीक वस्तीच्या मुलांकडे दिले जात असेल तर तिथेच थांबवा, लेखी तक्रार करा. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ चे कायदे आहेत. स्वच्छतेच्या नावाखाली जात परत येऊ देऊ नका. पाळी असेल तर सगळ्या मुलांची असावी आणि तीत गुरुजींचाही नंबर लागावा.

उघड्यावर बसलेल्या मुलाला हिणवू नका. गुड मॉर्निंग पथकाची शिट्टी वाजली की मूल पळते आणि दुसऱ्या दिवशी थोडे पुढे जाऊन बसते. गाडगेबाबांनी लोकांना बोल लावले, पण दिवसभर खराटा चालवून झाल्यावर. मूल ऐकत नाही, मूल पाहते. ज्या घरात बाप संडास धुतो, त्या घरातले मूल संडास वापरते.

आपल्या विहारात रविवारी वंदना होते. त्या सकाळी वंदनेआधी एक तास सगळ्यांनी मिळून नदीचा काठ आणि विहाराचा संडास साफ करावा. मुले सोबत असावीत, आणि गावातल्या सगळ्या वस्त्यांना बोलवावे. जे येतील त्यांच्या हातात खराटा द्यावा, जे येणार नाहीत त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा निरोप पाठवावा. गाडगेबाबांनी ५० वर्षे एवढेच केले.

जयभीम.